नावाचा मालक

हुफूफ, १९ ऑक्टोबर २०२४

प्रिय ताई,

हातानं लिहिलेलं पत्र बघून घाबरू नकोस. माझा फोन आणि लॅपटॉप तपासवाल्यांनी जमा करून घेतलाय. कंपनीनं नवा फोन दिलाय, पण त्यावर मनातलं बोलायला धीर होत नाही. आमच्या स्टोअरचा कुट्टी दर आठवड्याला रियाधला येतो, त्याच्याबरोबर हे पाठवतोय. मराठी अक्षर इथे कुणाला लागत नाही, तेवढंच बरं.

जुबैलच्या साइटवर टाकी फुटली हे तुला मंजिरीकडून कळलं असेल. नेमकं काय झालं ते मी तिलाही सांगितलेलं नाही.

आग विझवायच्या पाण्याची ती लोखंडी टाकी, तीन मजली उंच. तिच्या सांध्यांचे एक्स-रे काढायचे राहिले होते. ते झाल्याशिवाय पाणी भरायचं नाही, असं मी स्पष्ट सांगून ठेवलं होतं. दुपारी बखीतच्या फोनवर अबू नासरचा, म्हणजे आमच्या मालकांचा, फोन आला. स्पीकर चालू होता. ''भरून टाका. उद्या पाहुणे बघायला येणार आहेत.'' मी म्हणालो, नाही. बखीतनं माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं आणि माणसांना म्हणाला, ''यल्ला, उघडा व्हॉल्व्ह.''

संध्याकाळी खालचा सांधा उसवला. खाली रंगकाम करणारे दोघं गेले. गोरखपूरचा रामसजन आणि नेपाळचा तेजबहादूर. रामसजन सकाळीच माझ्याकडे सुटीचं विचारून गेला होता.

आता बखीत कोण ते सांगतो. साठीचा, काळासावळा, उंच माणूस. अबू नासरच्या बैठकीत दारापाशी बसतो, पाहुण्यांना कॉफी ओततो, आणि कागदावर तो एका कंपनीचा मालक आहे. टाकीचं काम त्याच्याच कंपनीला मिळालं होतं. टेंडर भरताना तीन कंपन्या होत्या: एक आमची, एक बखीतची, एक त्याच्या चुलतभावाची. तिघांचे आकडे माझ्या शेजारच्या टेबलावर एकाच माणसानं भरले. मी ते पाहिलं आणि गप्प बसलो. इथे असंच चालतं म्हणाले.

काल कंपनीचा वकील येऊन गेला. मी चार ओळींचा जबाब द्यायचा: कंपनी बखीतची, हुकूम बखीतचा, अबू नासरशी याचा संबंध नाही. तसा दिला की माझ्यावरची देश सोडण्याची बंदी उठवायचं ते बघतील. नाही दिला तर तपासणी माझ्या हाताखाली होती, तेव्हा दोष माझा.

दाजींना विचार. इतकी वर्षं इथल्या बँकेत काढली त्यांनी, त्यांना यातलं कळतं.

तुझा,
हरी


रियाध, २५ ऑक्टोबर २०२४

हरी,

पत्र दोनदा वाचलं. जेवलास का, झोपतोस का, यातलं काहीच लिहिलं नाहीस. कुट्टीबरोबर भाजणी आणि लिंबाचं लोणचं पाठवतेय. थालीपीठ लावायला तवा नसेल तर नुसती उकड काढ.

मी ह्यांच्याशी बोलले. हे म्हणाले, जास्त डोकं चालवू नकोस, सही कर आणि मोकळा हो. मलाही तसंच वाटतं. त्यात खोटं काय आहे? व्हॉल्व्ह उघडा असं बखीतच म्हणाला ना? तेवढंच सांगायचं. फोनवर कोण होतं ते तुला कुणी विचारलेलं नाही.

तू लहानपणापासून असाच आहेस. बाबांनी गच्चीवरचा नळ कुणी तोडला विचारलं की सगळे गप्प, आणि तू उभा. अरे, ती आपली गच्ची होती. इथे आपण परके. आपल्याला ना इथलं बोलणं धड येत, ना इथला कायदा. आणि त्यांच्या घरातल्या गोष्टी त्यांचं त्यांना. बखीतचं तू इतकं मनावर का घेतोस? त्याला अबू नासर उघड्यावर टाकणार नाहीत. टायरच्या दुकानावरच्या त्या एका खोलीवर कंपनी चालवणाऱ्या माणसाला काय कळत नव्हतं, आपण कशाच्या जोरावर मालक झालोय ते?

मंजिरीला फोन केला तर शर्विल मला म्हणाला, ''आत्या, व्हेन इज बाबा कमिंग?'' मी म्हटलं, दिवाळीला. मला खोटं पाडू नकोस.

अनुष्काची बारावी आहे. घरात सगळे दबक्या पावलांनी चालतो. तेवढंच.

तुझी,
ताई


हुफूफ, १६ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

दिवाळी गेली. मी आलो नाही, हे तुला दिसलंच.

सही अजून केलेली नाही. वकिलाला म्हटलं, अरबी मजकूर नीट समजून घ्यायचाय. तो हसला. त्याला घाई नाही. जेवणाची वेळ झाली की कंपनीचा डबा येतो, खोलीचं भाडं कंपनी भरते, इथे राहायचा परवाना, इकामा, तोही कंपनीचाच. रविवारी हजेरी द्यायला नेतात आणि आणून सोडतात. दाराला कुलूप नाही, ताई. मी रोज संध्याकाळी खजुराच्या बागांच्या कडेनं लांबवर चालतो आणि परत येतो. जाणार कुठे?

गेल्या शुक्रवारी बखीतनं घरी जेवायला बोलावलं. मला संकोच वाटत होता. ज्याच्यावर सगळं ढकलायचंय त्याच्याच पंक्तीला बसायचं! तो मात्र खुशीत होता. नवा पांढराशुभ्र थोब घातलेला, अत्तर लावलेलं. त्याची मुलगी हाजरा शाळेत शिक्षिका आहे. तिनं भात-मटणाचं ताट आणून ठेवलं आणि ती दारातच थांबली.

मी म्हणालो, ''बखीतचाचा, तुम्हाला माहीत आहे ना, माझ्याकडून काय लिहून घेणार आहेत?''

''माहीत आहे. लिही.''

''तुम्ही तुरुंगात जाल.''

तेव्हा त्यानं मला त्याच्या आजोबांची गोष्ट सांगितली. मोडकं हिंदी, मोडकं अरबी, आणि हातवारे; मला तो मुहंदिस म्हणतो, म्हणजे इंजिनिअर.

आजोबा लहान असताना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतात घालून आणले गेले. इथल्या उकैर बंदरात उतरवले, हुफूफच्या बाजारात विकले. अबू नासरच्या आजोबांनी घेतले. पोरगा हुशार निघाला, म्हणून त्याला बागेत न जुंपता समुद्रावर पाठवला. वाढत वाढत तो घराच्या गलबताचा नाखुदा झाला. आणि ताई, त्या गलबतातून घरानं काय काय आणलं? खजूर नेले, तांदूळ आणला, आणि माणसंही आणली. गुलामाच्या हाताखाली गुलाम. पुढे पाण्यावर गस्त वाढली, पकडापकडी सुरू झाली, तेव्हा घरानं युक्ती काढली. धोक्याच्या खेपेचं गलबत नाखुद्याच्या नावावर करायचं. एकदा पकडले गेलेच. आजोबा पुढे झाले आणि म्हणाले, ''गलबत माझं, माल माझा, माझ्यावर कुणी नाही.'' कैदेत गेले. सुटून आले तेव्हा धन्यानं दारापर्यंत येऊन मिठी मारली आणि बागेतला एक तुकडा खायला दिला.

''त्या दिवसापासून,'' बखीत छातीवर हात ठेवून म्हणाला, ''आम्ही त्या घरचे. माझ्या बापानं जकातीवर त्यांच्यासाठी सह्या केल्या. मी करतो. असला विश्वास पैशानं मिळत नाही, मुहंदिस.''

''आणि ज्यांना गलबतातून आणलं, त्यांचं काय?'' दारातून हाजरा म्हणाली. बापानं तिच्याकडे असं पाहिलं की ती आत निघून गेली.

ताई, इथे गुलामगिरी कायद्यानं बंद झाली ती १९६२ साली. बखीत पुढच्या वर्षी जन्मला. त्याच्या बापाला मुक्त केलं आणि आडनाव लागलं तेही त्याच घराचं. तेच आडनाव आज टेंडरवर कामाला येतं. चुलतभावाचंही तसंच. मला वाटत होतं, आमच्या ऑफिसात कुणा चलाख माणसानं ही शक्कल काढली असेल. ती तर गलबतापासून चालत आलीय. फक्त तेव्हा पाण्यावर होती, आता टेबलावर आहे.

आता एक विचारतो. राग मानू नकोस. टायरच्या दुकानावरची खोली तुला कशी माहीत? मी ती पत्रात लिहिली नव्हती. मी ती स्वतः या महिन्यात पहिल्यांदा पाहिली, तपासवाल्यांबरोबर.

दाजी तिथे गेले होते का?

हरी


रियाध, ११ डिसेंबर २०२४

हरी,

उत्तराला उशीर झाला. मुद्दामच केला.

हो. गेले होते. चार वर्षांपूर्वी. बखीतच्या कंपनीनं ह्यांच्या बँकेकडे कर्ज मागितलं होतं आणि जागा पाहून अहवाल द्यायचं काम ह्यांच्याकडे होतं. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि बखीत. त्यानं ह्यांना कॉफी दिली. ह्यांनी लिहिलं, कार्यालय व्यवस्थित चालू आहे, स्वतंत्र मालक आहे, कर्मचारी आहेत. चुलतभावाच्या कंपनीलाही तसंच लिहून दिलं. मला हे परवा कळलं. ''खोलीचं तू हरीला का लिहिलंस?'' म्हणून माझ्यावर ओरडताना हे सगळं बोलून गेले. खोली मी बोलण्यात ऐकली होती, तिचा अर्थ माहीत नव्हता.

आता पुढचं ऐक, कारण तू अगदी वरच्या पायरीवर उभा राहून आम्हाला बघतो आहेस. त्या अहवालानंतर दुसऱ्याच आठवड्यात तुला अबू नासरच्या कंपनीतून नोकरीचा फोन आला. तुला आठवतं? नाशिकचा कारखाना बंद पडून वर्ष झालं होतं. मंजिरीनं बांगड्या मोडल्या होत्या. मी ह्यांच्या मागे लागले होते, हरीचं काहीतरी बघा, हरीचं काहीतरी बघा. ह्यांनी बघितलं.

म्हणजे तूही त्यांच्या घरचाच, बाबा. बखीतसारखाच. तुला आडनाव तेवढं लावलेलं नाही.

तू फोनचं बोललास की चौकशी टेंडरवर जाईल, टेंडरवरून कर्जावर, आणि कर्जावरून ह्यांच्यावर. अनुष्काला डॉक्टर व्हायचंय. तिला काय सांगू? मामा खरं बोलला म्हणून तुझे बाबा आत गेले?

मी हात जोडते. त्या बखीतला स्वतःला सुटायचं नाही. त्याच्यासाठी तू का जीव टाकतोस? सही कर, हरी.

ताई


हुफूफ, ९ जानेवारी २०२५

प्रिय ताई,

तुझं पत्र आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी वकिलाला फोन केला आणि सही करतो म्हणालो. हे तुला आधी सांगतो, म्हणजे मी कुठल्या पायरीवर उभा आहे ते तुला कळेल. नोकरीचं तू लिहिलंस ते मला माहीत नव्हतं. मला वाटायचं माझा अनुभव पाहून घेतलं.

वकील म्हणाला, घाई नको, नव्या वर्षात करू. त्याच आठवड्यात बखीतला अटक झाली. त्यानं कुणी न विचारता आधीच सांगून टाकलं होतं: कंपनी माझी, हुकूम माझा, माझ्यावर कुणी नाही. तेव्हा माझा जबाब फक्त शिक्क्यापुरता उरला होता.

मग परवा हाजरा ऑफिसात आली. काळा अबाया, हातात शाळेची पिशवी. अबू नासरनी बोलावलं होतं. मी बाहेरच्या खोलीत माझ्या कागदांसाठी बसलो होतो, दार उघडंच होतं. अबू नासर फार मायेनं बोलत होते. तू माझ्या मुलीसारखी, तुझा बाप माझा भाऊ, त्याची काळजी करू नकोस. आणि मग म्हणाले, बापाची कंपनी आता बंद होईल, नवी काढायचीय. बाईच्या नावावर असली तर हल्ली कामं लवकर मिळतात. तू फक्त सही करायची. बाकी सगळं आम्ही.

बखीत आत जाऊन महिनाही झाला नव्हता, ताई.

हाजरा म्हणाली, ''मी शिक्षिका आहे.''

''शाळा सोडायची नाही. नुसतं नाव.''

''माझं नाव माझ्या आईनं ठेवलंय,'' ती म्हणाली. ''ते मी देणार नाही.''

अबू नासर रागावले नाहीत. कॉफीचा पेला खाली ठेवून त्यांनी फक्त आठवण करून दिली, की ती राहते ते घर कुणाच्या मालकीचं आहे. ती उठली. बाहेर आली आणि मला पाहून जिन्यापाशी थांबली. मी पाणी दिलं. ती इंग्रजीत म्हणाली, ''तुम्ही तो फोन ऐकला होता. माझे वडील बोलणार नाहीत. तुम्ही बोला.''

मी म्हणालो, माझ्या बहिणीचं घर उद्ध्वस्त होईल.

ती म्हणाली, ''माझं झालंय.''

मी रात्रभर तुझं पत्र आणि तिचं बोलणं दोन्ही घेऊन पडलो होतो. सकाळी ठरलं. रामसजनच्या भावाचा निरोप आला होता त्याच सुमारास. टाकीत नक्की कुणाची चूक झाली, एवढंच त्याला कळायला हवंय. त्याला मी काय सांगू? बखीतचं नाव? ज्याला टाकीतला बोल्टही ओळखता येत नाही त्याचं?

पुढच्या रविवारी माझा जबाब आहे. तिथे मी फोनचं सांगणार आहे आणि शेजारच्या टेबलावर भरलेल्या तीन टेंडरांचंही. दाजींचं नाव मी घेणार नाही, पण ते निघेल, हे मला कळतं. म्हणून तुला आधी लिहितोय. कुट्टी उद्याच निघतो. दाजींना सांग, त्यांनी आपणहून बँकेत जाऊन सांगितलं तर बरं. माझं ऐकतील असं वाटत नाही.

मला क्षमा कर असं लिहीत नाही. तू करू शकणार नाहीस.

हरी


रियाध, २७ फेब्रुवारी २०२५

हरिहर,

ह्यांनी बँकेत जाऊन काही सांगितलं नाही. तुझं पत्र वाचून तिघांची तिकिटं काढली. मुंबईची. घरातलं सगळं तसंच टाकून, पातेल्यात दूध तसंच ठेवून आम्ही निघालो. अनुष्काला सांगितलं, आजी आजारी आहे.

विमानतळावर आधी अनुष्काचा पासपोर्ट झाला, मग माझा. ह्यांचा त्या माणसानं दोनदा तपासला, कुणालातरी हाक मारली, आणि आम्हाला बाजूला उभं केलं. बंदी लागली होती. तू रविवारी बोललास आणि हा बुधवार होता.

ह्यांनी मला सांगितलं, तू जा. मी नाही गेले. अनुष्का एकटी गेली. काचेपलीकडून तिनं वळून पाहिलं नाही. पोचल्यावर तिनं एकच मेसेज टाकला, ''तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?'' त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

हे आता घरीच असतात. बँकेनं कामावरून बाजूला ठेवलंय. सोफ्यावर बसून बातम्या बघतात, आवाज बंद करून. काल अचानक म्हणाले, ''त्या खोलीत पंखाही नव्हता गं. बखीत घामानं भिजला होता, आणि मला म्हणत होता, आमच्या कार्यालयात आपलं स्वागत.'' एवढं बोलून रडले. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मी तुझ्यावर रागावलेली आहे. हा राग जाईल असं मला वाटत नाही. तरी भाजणी केली आहे. कुट्टीला दिली. मंजिरीला मी काही बोललेले नाही. तिच्यावर माझा राग नाही.

बखीतचं काय झालं?

विभा


हुफूफ, १२ एप्रिल २०२५

प्रिय ताई,

भाजणी मिळाली. डबा उघडून बराच वेळ तसाच धरून बसलो होतो.

तू बखीतचं विचारलंस. तेच लिहितो.

माझ्या जबाबानंतर आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं. अधिकारी सभ्य होता. त्यानं मला पुन्हा सगळं सांगायला लावलं. मी सांगितलं. फोन, स्पीकर, तीन टेंडरं. बखीत माझ्याकडे बघत ऐकत होता. मग त्याला विचारलं. तो म्हणाला, ''हा माणूस खोटं बोलतोय. फोन आलाच नव्हता.'' अधिकाऱ्यानं विचारलं, तुमच्या कंपनीत किती माणसं आहेत? बखीतला सांगता येईना. कंपनीचा पत्ता? तो गोंधळला, आणि त्यानं अबू नासरच्या वाड्याचा पत्ता सांगितला. लिहून घेणाऱ्यानं मान वर केली. मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं.

चौकशी आता टेंडरांवर गेलीय, तू म्हणालीस तशीच. चुलतभाऊही आत आहे. अबू नासरना दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा ते संध्याकाळी घरी आले. त्यांच्यावर खटला उभा राहील की नाही, कुणी सांगत नाही. माझी बंदी तशीच आहे. कंपनीनं कामावरून काढलं, पण खटल्याचा निकाल लागेपर्यंत खोली ठेवलीय. खिडकीतून मला त्यांच्या वाड्याचं दार दिसतं. हाजराला घर सोडावं लागलं. ती शाळेजवळ एका मैत्रिणीकडे राहते, आणि शाळेत जाते. रामसजनच्या भावाला मी सगळं कळवलं. त्याचं उत्तर आलं, ''भैया, अच्छा किया।'' त्यापुढे काहीच नव्हतं.

काल कोर्टात तारीख होती. बाहेरच्या बाकावर मी आणि हाजरा बसलो होतो. बखीतला घेऊन आले. तो फार वाळलाय. थोब त्याच्या अंगावर लोंबत होता. आतून बोलावणं यायला वेळ होता, म्हणून पहारेकऱ्यानं त्याला आमच्याच बाकावर बसू दिलं. हाजरानं बापाचा हात हातात घेतला, त्यानं सोडवून घेतला नाही. माझ्याकडे मात्र बघेना.

मी म्हणालो, ''चाचा, मी जे बोललो ते...''

त्यानं हात वर करून मला थांबवलं. मग खालीच बघत, अगदी हळू आवाजात म्हणाला,

''मुहंदिस, तू अजून तिथेच राहतोस ना? वाड्यासमोर?''

''हो.''

''अबू नासर माझ्याबद्दल विचारतात का?''

हाजरा भिंतीकडे बघत होती. ताई, बखीतला नेल्यापासून त्या घरात त्याचं नाव कुणी घेतलेलं मी ऐकलं नाही. बैठकीच्या दारापाशी आता दुसराच एक माणूस बसतो, कॉफी ओततो. लोक त्याला नावानं हाक मारायलाही लागलेत.

इतके महिने मी सगळ्यांना खरं सांगत आलोय. तुझं घर त्यापायी मोडलं.

''विचारतात,'' मी म्हणालो. ''रोज विचारतात.''

त्यानं मान डोलावली. डोक्यावरचा रुमाल दोन्ही हातांनी सारखा केला. आतून त्याच्या नावाचा पुकारा झाला आणि तो ताठ उभा राहून आत गेला.

तुझा,
हरी